पहिला कडू धूर

“तात्या, एक विचारू? खरं सांगायचं हं. तुम्ही आबांची गुडगुडी कधी चोरून ओढता का?”

आरोहीनं एका दमात विचारून टाकलं आणि जीभ चावली. प्रश्न तिचा नव्हताच मुळी. मधल्या सुट्टीत डबा खाताना हुक्का पार्लरच्या गप्पा निघाल्या. कुणाच्या तरी मावसभावानं पुण्यात पाहिलं होतं म्हणे. आरोहीला राहवतंय होय! “त्यात काय एवढं? आमच्या घरी खरी पितळी गुडगुडी आहे, पणजोबांची,” तिनं ठोकून दिलं. सायलीनं लगेच लोणच्याची फोड चोखत पेच टाकला, “आणि भरतो कोण? तुमचा आसारामच ना? दिवसभर तंबाखूत हात, आणि त्यानं एक झुरका मारला नसंल? जा, विचार त्याला. लाव पैज! हाय का हिंमत?”

हिंमत! पंधरा ऑगस्टला हातात कागद न धरता अख्ख्या नांदूरघाट गावासमोर भाषण केल्यापासून आरोहीकडं दुसरं काही असो-नसो, हिंमत मात्र उतू चालली होती. आठवीपर्यंत वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटणारी पोरगी नववीत गेली आणि तिला जो कंठ फुटला, तो मिटायचं नावच घेईना. मास्तरांना प्रश्न, कंडक्टरला प्रश्न, घरी येणाऱ्या पुढाऱ्यांनासुद्धा प्रश्न.

आसाराम बंगल्याच्या मागच्या पडवीत शेगडीपुढं उकिडवा बसला होता. साठी उलटलेला, अंगानं तुरीच्या काडीसारखा. विशीत असताना तो आरोहीच्या आबांकडं, म्हणजे आजोबा सुंदररावांकडं कामाला लागला आणि तेव्हापासून त्यांची गुडगुडी दुसऱ्या कुणी भरली नव्हती. प्रश्न ऐकून तो आधी हसला. हसता हसता ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला, आणि उपरण्यात तोंड खुपसून तो बराच वेळ हलत राहिला.

“मालकाच्या नळीला माझं तोंड?” दम परत आल्यावर तो म्हणाला. “देवाशप्पत न्हाई, ताई. चाळीस सालं झाली, एकदा बी बसून दम घेतला न्हाई. कावून इचारलंस?”

“असंच.”

“असंच कावून? म्हातारपणी चोर केलंस की मला.”

तो हसतच बोलला, पण डोळे हसत नव्हते. आरोहीला एकदम खजील वाटलं. आता ही चूक कशी सावरायची? सावरायचा तिला एकच मार्ग ठाऊक होता, आणखी बोलायचा.

“मग मला शिकवा ना भरायला!”

“आन् तुझ्या आईनं माझीच चिलीम करून पेटवली म्हंजी?”

“नुसतं बघते हो. हात लावत नाही.”

पण मग त्यानं तिच्या हातात चिलीम दिलीच. शिकणारं माणूस त्याला चाळीस वर्षांत भेटलं नव्हतं. त्यानं तुरीच्या काडीनं चिलमीच्या बुडाचं भोक साफ केलं, जुनी राख झटकली आणि भोक तिच्या तळहातावर धरून वरून फुंकर मारली. “लागलं का वारं? लागलं तर अर्धं काम झालं. वारं न्हाई तर आग न्हाई.” मग कनवटीची पुडी सोडून त्यानं फुटक्या माठाची एक ठिकरी काढली. नखाएवढी, तीन कोनांची, दगडावर घासून घासून केलेली. “गोल ठिकरी भोक बंद करती. तिनकोनी ठिवली की कोपऱ्यातनं वारं निघतंय, आन् तंबाखू बी खाली जात न्हाई.”

गूळ घालून मळलेल्या तंबाखूचा लगदा त्यानं चिमटीत घेतला आणि कापूस पिंजावा तसा पिंजला. “टाकायची. दाबायची न्हाई. दाबली की मेली. काठापासून बोटभर खाली राहू दे.” तंबाखूवर खापराची पातळ चकती आली. चकतीवर बाभळीचे निखारे, एकावरही काळा ठिपका नको, जाळ तर नकोच. तेही मधोमध नाही, कडेकडेनं. “मधी ठिवलं तर मधलीच जळती, कडंची कच्ची. भाकर कशी कडंनं फिरवून भाजतीस? तसं.” आणि खरंच, भाकरी फिरवावी तशी तो चिलीम फिरवत राहिला, थांबला, पुन्हा थोडी फिरवली. एवढं मन लावून आरोही गणितसुद्धा सोडवत नसे.

शेवटी त्यानं बुडाशी ओलं फडकं गुंडाळलं, दोन्ही हातांच्या मुठीत चिलीम धरली आणि मुठीच्या फटीला तोंड लावून ओढायला लागला. एक, दोन, पाच, दहा. गाल आत जायचे, गळ्याच्या शिरा टरारायच्या. आधी काळसर, डोळ्यांत झोंबणारा धूर आला. पंधराव्या-सोळाव्या दमाला तो पांढरा झाला आणि पडवीत गुळाचा वास पसरला. तेव्हा कुठं चिलीम पाण्यानं भरलेल्या गुडगुडीवर चढली.

“कडू धूर माझा, गोड धूर मालकाचा,” डोळ्यांचं पाणी पुसत आसाराम म्हणाला.

“तात्या! हे ओढणंच झालं की!”

“ह्याला वडनं म्हनत्यात व्हय? वडनं म्हंजी बसून, टेकून, नळी तोंडात धरून. हे लावून देनं. तू चुलीला फुकनी घालतीस, मंग तेवढ्यानं जेवलीस का?”

आरोहीला हे इतकं पटलं, इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं ते जसंच्या तसं सायलीला ऐकवलं. पैज जिंकली. सायलीनं मुकाट चिंचेच्या दोन गोळ्या दिल्या.

दिवाळी झाली आणि गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. आसारामची बायको सुभद्राबाई, मुलगा सोमेश्वर आणि सून कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली. आसाराम मागं राहिला. खोकल्यापायी त्याला आता कोयता पेलत नव्हता. जेवण बंगल्यावर, झोपणं पडवीत. पण खोकला काही त्याला झोपू देत नव्हता. डिसेंबर लागला तशी त्याला पडवीच्या तीन पायऱ्या चढतानासुद्धा मधे टेकावं लागायला लागलं. एका शनिवारी आरोहीचे वडील, विजयसिंह, त्याला गाडीत घालून अंबाजोगाईला छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. शाळा सकाळची होती, म्हणून आरोहीही बरोबर घुसली.

डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा पाहिला. मग विचारलं, “बिडी? तंबाखू? काही ओढणं वगैरे?”

“छे छे!” विजयसिंह म्हणाले. “सुपारीचं खांड खात नाही हा माणूस. लहानपणापासून बघतोय मी.”

“न्हाई सायब,” आसाराम म्हणाला.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण आरोहीला कुठलं थांबणं! “डॉक्टर, मी स्वतः विचारलंय त्यांना. अगदी तोंडावर. देवाची शपथ घेऊन नाही म्हणाले.”

“अरे वा, वकील बरोबर आणलाय,” डॉक्टर हसले आणि कागदावर त्यांनी लिहिलं, व्यसन नाही. तोंडात मारायचा फवारा दिला, गोळ्या दिल्या. “धूळ आणि धूर, दोन्हीपासून लांब राहायचं. चुलीपुढंसुद्धा बसायचं नाही. पंधरा दिवसांनी या.”

परत येताना आरोहीचा ऊर भरून आला होता. डॉक्टरांसमोर किती छान बोललो आपण!

डॉक्टरांचा शब्द आसारामनं अक्षरन् अक्षर पाळला. आंघोळीच्या पाण्याचा बंब तो पेटवायचा, ते ड्रायव्हर सुग्रीवकडं गेलं. कुणी कचरा जाळायला लागलं की तो उपरणं नाकाला लावून उठून जायचा. आरोहीची आई तर त्याला स्वयंपाकघराच्या दाराशीही उभं राहू देईना. सगळे जपत होते. आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो पडवीत बसून मुठीत चिलीम धरायचा, पंधरा-सोळा दम मारायचा आणि मालकांची गुडगुडी आत नेऊन द्यायचा. डॉक्टरांनी सांगितलेल्या धुरात हाही धूर धरायचा असतो, हे कुणाच्या मनातच आलं नाही. त्याच्या नाही, विजयसिंहांच्या नाही, आरोहीच्या नाही.

बाराव्या दिवशी दुपारी पडवीत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. आई धावली. आसाराम भिंतीला टेकून बसला होता, तोंड उघडं, ओठ जांभळे, पायाशी चिलमीचे तुकडे आणि फरशीवर निखारे. सुग्रीवनं त्याला लहान लेकरासारखं उचलून गाडीत ठेवलं. संध्याकाळी अंबाजोगाईहून विजयसिंहांचा फोन आला: भरती करून घेतलंय, ऑक्सिजन लावलाय.

तिसऱ्या दिवशी आरोही शाळेतून आली तेव्हा पडवीत आबा बसले होते. आबा, आणि पडवीत! अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा कधी त्या बाजूला फिरकत नसत. त्यांनी कपाटातली दुसरी चिलीम काढली होती आणि तंबाखू अंगठ्यानं दाबून दाबून भरली होती. वर निखारे रचले होते, ते काळे पडत चालले होते. आबा फुंकर मारत होते आणि राख त्यांच्याच मिशांवर उडत होती.

“दोन दिवस झाले,” ते तिच्याकडं न बघता म्हणाले. “जन्मभर ओढली बघ, पण भरायची कशी ते ठाऊक न्हाई. आसाराम असता तर... आरू, तुला शिकवलंय म्हनं त्यानं?”

आरोहीनं दप्तर तिथंच टाकलं. आबांना आपल्यावाचून अडलंय, याचा तिला काय आनंद झाला! तिनं सगळी तंबाखू उपसून काढली. तुरीची काडी घातली, वारं बघितलं. ठिकरी ठेवली. तंबाखू पिंजली, नुसती टाकली, बोटभर जागा ठेवली. चकती. लालबुंद निखारे कडेकडेनं. चिलीम फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली. आबा बघत होते. “अगदी त्याच्यासारखं गं,” ते हळूच म्हणाले.

मग तिनं ओलं फडकं गुंडाळलं, चिलीम मुठीत धरली आणि तात्या करायचे तसंच मुठीच्या फटीला तोंड लावून दम ओढला.

तो धूर घशातून खाली गेला तो मिरच्या जाळल्यासारखा. डोळ्यांत पाणी आलं. तरी तिनं दुसरा दम घेतला, कारण तात्या तर सोळा घ्यायचे.

“ए! अगं ए!” आबा ओरडले. त्यांनी अशी झडप घातली की चिलीम तिच्या हातातून उडून भिंतीवर आदळली. “थुंक! थुंक आधी! तो पहिला धूर लई विखारी असतो, पोरी, छाती जळंल तुझी!”

आरोही खोकत खोकत खाली बसली. घसा सोलल्यासारखा झाला होता. खोकल्यातूनच शब्द आले, तिनं ठरवून आणले नव्हते.

“मग तात्यांची नाही का जळली?”

आबांचा पुढं आलेला हात तसाच राहिला.

निखारे फरशीवर विझत होते. आरोहीच्या डोळ्यांपुढं डॉक्टरांचा तो कागद आला आणि त्यावरचं अक्षर. देवाची शपथ घेऊन नाही म्हणाले. कोण म्हणालं होतं हे? आपणच! कुणी विचारलंही नव्हतं आपल्याला. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी सोळा, चाळीस वर्षं... हिशेब तिच्यानं पुढं नेववेना. आबांना ठाऊक होतं, पहिला धूर विखारी असतो. नेहमीच ठाऊक होतं. म्हणून तर तो दुसऱ्यानं ओढायचा.

“विजयला हाक मार,” आबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, पप्पा आणि आरोही अंबाजोगाईला निघाले. आबा गाडीपर्यंत आले. दार धरून उभे राहिले, आत मात्र बसले नाहीत. “काय तोंडानं जाऊ?” एवढंच म्हणाले आणि काठी टेकत परत फिरले.

डॉक्टरांना सगळं आरोहीनंच सांगितलं. या वेळी तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

“धूर पाण्यातून नाही? थेट चिलमीतून?”

“थेट.”

“दिवसातून किती वेळा?”

“तीनदा. पप्पांकडं माणसं आली की पाच-सहा वेळा.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर?” आरोहीनं विचारलं. हा प्रश्न मात्र तिला कुणी शिकवला नव्हता.

“बाळ, फुप्फुसं आधीच गेली होती. चाळीस वर्षांचं आहे ते. तुझ्यामुळं नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “पण हे बारा दिवस ओढलं नसतं, तर ही वेळ इतक्यात आली नसती. खोटं कशाला सांगू.” मग ते विजयसिंहांकडं वळले. “त्यांच्या माणसांना बोलावून घ्या. लवकर.”

आसाराम खिडकीजवळच्या खाटेवर होता. नाकातोंडावर मास्क. डॉक्टरांनी त्याला काही विचारलं असावं, कारण आरोही जवळ जाताच त्यानं मास्क खाली ओढला.

“ताई, मी वडतो म्हनून सांगितलंस डाक्टरला? कावून गं?”

“तात्या, मास्क लावा आधी.”

“लोक काय म्हनत्याल? आसाराम मालकाची गुडगुडी चोरून वडीत हुता.” एकेक शब्दाला तो दम गोळा करत होता. “सुभद्रा टोळीत समद्यांला सांगती... माझ्या नवऱ्याला सुपारीचं यसन न्हाई... आता तिला काय सांगू मी?”

“चोरून नाही हो तात्या! तसं नाही म्हणाले मी...”

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. पाठीची हाडं सदऱ्यातून वर-खाली होत होती. आरोहीनं मास्क सारखा केला, तो त्यानं करू दिला, पण तिच्याकडं बघितलं नाही. अख्ख्या गावापुढं बोलणारी पोरगी खाटेचा लोखंडी दांडा धरून नुसती उभी राहिली. मारणारा धूर ओढला, याचं त्याला काही वाटत नव्हतं. नाव गेलं, याचं वाटत होतं. आणि ते नाव तिनं घालवलं होतं.

बाहेर व्हरांड्यात पप्पा टोळीच्या मुकादमाशी फोनवर बोलत होते. “अरे धर्मराज, गाडी मी पाठवतो, तू फक्त त्यांना सोड... तीन दिवस? तीन दिवस कशाला?... बरं बरं, परवा तरी.” फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. “सुभद्राबाई आणि सोमेश्वर परवा रात्रीपर्यंत पोचतील. तोवर सुग्रीव येऊन-जाऊन बघंल.”

“येऊन-जाऊन?” आरोही म्हणाली.

“चल बाई,” आई म्हणाली. तिचेही डोळे लाल होते. “रडून चेहरा बघ कसा झालाय. घरी आबा एकटे आहेत.”

पप्पांनी आवाज खाली आणला. “आणि आरू, डॉक्टरला सांगितलंस ते बरं केलंस. पण हे गावात नको काढू. निवडणूक तोंडावर आली आहे, लोकांना नुसता विषय पाहिजे असतो. कुणी विचारलं तर खोकल्यानं गेले... म्हणजे, खोकल्यानं आजारी आहेत म्हणायचं.”

‘गेले’ हा शब्द तिघांच्याही कानावर पडला. काचेच्या दारातून खिडकीजवळची खाट दिसत होती. आसाराम अजून भिंतीकडंच तोंड करून होता, आणि त्या मोठ्या खोलीत प्रत्येक खाटेजवळ कुणीतरी बसलेलं होतं. त्याच्या खाटेजवळचं स्टूल तेवढं रिकामं.

आरोहीनं ओढणीनं नाक पुसलं.

“पप्पा, आई, मी घरी येत नाही,” ती म्हणाली. “सुभद्राकाकू येईपर्यंत मी त्या स्टुलावर बसणार आहे. शाळा बुडाली तर बुडू दे. आणि काकू आल्या की सगळ्यांत आधी त्यांना मीच सांगणार, तात्यांच्या समोर, त्यांना ऐकू जाईल असं. की ते चोरून ओढत नव्हते, आपण त्यांना ओढायला लावत होतो. गावात कुणी विचारलं तरी हेच सांगणार. तुम्ही रागवा, काही करा. आणि पप्पा, आबांना उद्या इकडं घेऊन या. उचलून आणावं लागलं तरी आणा. सुग्रीवकाकांजवळ माझा स्वेटर पाठवा, इथं थंडी वाजते.”